यशोगाथा छापता तशी फसलेल्या बागेचीही गोष्ट छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या कृषी पुरवणीत यशोगाथा येते ती मी न चुकता वाचतो, आमच्या घरात ती पुरवणी आधी कुणी घ्यायची यावरून ओढाताण चालते, म्हणून हे पत्र तक्रार न समजता जुन्या वाचकाच्या हक्कानं लिहिलंय असं समजा. कधी ड्रॅगन फ्रूट, कधी शेडनेटमधली ढोबळी मिरची, कधी एकरी एवढे टन ऊस, फोटो झकास, शेतकरी हसतोय, आणि मजकुरात एक वाक्य ठरलेलं असतं, "सुरुवातीला काही अडचणी आल्या पण त्यांनी हार मानली नाही." बास, पुढच्या ओळीत थेट लाखोंचं उत्पन्न.

साहेब, आम्हाला त्या "काही अडचणी"च वाचायच्यात. म्हणजे पहिल्या वर्षी नेमकं काय बिघडलं, रोप चुकीचं निघालं का पाणी खारं होतं का मार्केटला माल नेल्यावर कुणी विचारलंच नाही, किती पैसे बुडाले, सोसायटीचं कर्ज कसं फिरवलं, आणि दुसऱ्या वर्षी त्यानं कुठली एक गोष्ट वेगळी केली. हे चार पॅराग्राफ आले तर ती बातमी आमच्या कामाची. नाहीतर जिद्द आणि चिकाटी कुणाकडे नाही हो, कर्ज काढून बाग उभी करणाऱ्या प्रत्येकाकडे आहे.

मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. आमच्याकडे द्राक्ष हे पीक असं आहे की आज जे काही चाललंय त्यातलं जवळजवळ सगळं कुणाच्या ना कुणाच्या नुकसानातून शिकलेलं आहे. खुंटाचंच बघा. आता नवीन लावण करणारा कुणीही आधी डॉगरिज नाहीतर 110 आर या जातीचा खुंट, म्हणजे खालचा मुळाचा भाग, लावतो आणि त्यावर द्राक्षाचं कलम भरतो, स्वमुळावरची म्हणजे बिनकलमाची बाग आता शोधावी लागेल. पण आधी सगळ्या बागा स्वमुळावरच असायच्या. पाणी खारवट होत गेलं, त्यात दुष्काळ, जमिनीत क्षार साठले आणि चांगल्या चांगल्या बागा पानं करपून बसत गेल्या, काही लोकांनी तर बागा मुळासकट काढल्या. त्यातनं मग नव्वदच्या दशकात रूटस्टॉक, म्हणजे हाच खुंट, आला, खारं पाणी आणि पाण्याचा ताण सहन करणारा म्हणून डॉगरिज सगळीकडे झाला. पुढं लक्षात आलं की डॉगरिजवर वेलीला वाढीचा जोर फार होतो, भारी जमिनीत तर नुसतीच काडी वाढते आणि घड कमी, म्हणून मग 110 आर कडे लोक वळले. आता आमच्या पोरांना विचारा खुंट का लावायचा, तर म्हणतील सगळे लावतात म्हणून. कारण ज्यांच्या बागा गेल्या त्यांची गोष्ट कुणी लिहूनच ठेवली नाही. आणि कारण माहीत नसलं की उद्या कुणीतरी स्वस्तात रोपं देतो म्हणाला की हीच पोरं पुन्हा फसणार, मला ही भीती खरंच वाटते.

याच्या उलट एक उदाहरण सांगतो, ते जरा सविस्तर सांगतो कारण माझा सगळा मुद्दा त्यातच आहे.

2003 साली आपली द्राक्षं नेदरलँड्सला गेली आणि तिथं मेथोमिल या कीटकनाशकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला. युरोपभर अलर्ट गेला. तेव्हा आपल्याकडे निर्यातीच्या मालाची अशी प्लॉटवार तपासणीची शिस्त नव्हती, कुठल्या बागेतला माल कुठल्या पेटीत गेला हे नक्की कुणी सांगू शकत नव्हतं. त्या झटक्यानंतर रेसिड्यू मॉनिटरिंगची, म्हणजे औषधांचा अंश तपासायची, योजना आली, पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय रेफरल लॅब झाली, आणि 2006 च्या सुमारास अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेनं ग्रेपनेट ही नोंदणीची व्यवस्था सुरू केली. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची नोंदणी होते, त्याला नंबर मिळतो, फवारणीची वही ठेवावी लागते, काढणीच्या आधी लॅबचा माणूस स्वतः बागेत येऊन सॅम्पल नेतो, शेतकऱ्यानं तोडून दिलेला घड चालत नाही. रिपोर्ट चांगला आला तर माल पॅकहाऊसला, नाही आला तर त्या प्लॉटचा माल युरोपला जात नाही. पेटीवरच्या नंबरावरून परदेशात बसलेला माणूस थेट बागेपर्यंत माग काढू शकतो. हे सगळं 2003 च्या त्या फजितीतनं उभं राहिलं.

मग सगळं सुरळीत झालं का, तर नाही. 2010 उजाडलं. त्या हंगामाच्या आधीच नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळाचा पाऊस झाला होता, डाऊनी या बुरशीच्या रोगानं लोक बेजार होते, फवारण्यावर फवारण्या झाल्या, तरी ज्यांच्या बागा वाचल्या त्यांनी माल काढला, पॅक केला, कंटेनर रवाना झाले. आणि युरोपात त्या मालात क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं, ज्याला आम्ही सीसीसी म्हणतो. तिथली तेव्हाची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे एक टन द्राक्षात 50 मिलिग्रॅम, चिमूटभर सुद्धा नाही. माल अडकला, नाकारला गेला, मिळेल त्या भावात गेला. आणि इकडे? इकडे शेतकऱ्यांचे पैसे निर्यातदारांकडे अडकले, निर्यातदारांचे तिकडे अडकले, बँका दारात. नाशिकपासून सांगलीपर्यंत त्या साली किती घरांचा हिशोब चुकला हे ज्यांनी बघितलंय त्यांनाच माहीत.

आता यात शिकण्यासारखं काय होतं ते बघा. सीसीसी हे काही किडीचं औषध नाही, ते वाढ रोखणारं संजीवक. एप्रिल छाटणी झाली, फुटी निघाल्या, चार-पाच पानं आली की लोक सीसीसी मारायचे म्हणजे शेंडा थांबतो आणि काडीत सूक्ष्मघड चांगले तयार होतात. त्या काडीवर ऑक्टोबर छाटणीनंतर घड निघतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. म्हणजे फवारणी आणि काढणी यात नऊ-दहा महिने. कुणाच्या डोक्यात येईल की एप्रिलमध्ये पानावर मारलेलं फेब्रुवारीत मण्यात निघेल? पण हे औषध वेलीच्या लाकडात साठून राहतं, लवकर मोडत नाही, आणि पुढच्या फळात उतरू शकतं. दुसरी गोष्ट, आपल्या लॅबमध्ये तपासणी होत होती, कडक होत होती, पण ज्या औषधांची यादी होती त्यांचीच. सीसीसी त्या यादीत नव्हतं. आणि बाकीची औषधं एका पद्धतीनं एकत्र तपासली जातात तसं हे सापडत नाही, त्याची टेस्ट वेगळी करावी लागते. म्हणजे शेतकऱ्यानं नियम पाळला, लॅबनं यादी पाळली, रिपोर्ट ओके आला, तरी माल फेल. कुणा एकाचा हलगर्जीपणा म्हणून हे सोडून दिलं असतं तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं असतं.

पण तसं सोडलं नाही. सीसीसी तपासणीच्या यादीत आलं, लॅबमध्ये त्याची टेस्ट सुरू झाली, संशोधन केंद्रानं ते कधी वापरायचं कधी नाही हे सांगायला सुरुवात केली, बागायतदार संघाच्या चर्चासत्रांमध्ये यावर तासंतास बोललं गेलं. गावातला साधा शेतकरी, दहावी न झालेला, तो सुद्धा आता दुकानदाराला विचारतो की याचा पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यातलं अंतर, किती दिवस, युरोपला चालतं का. त्या एका हंगामानं पूर्ण जिल्ह्याच्या तोंडी "एमआरएल", म्हणजे मालात चालणाऱ्या अंशाची मर्यादा, हा शब्द बसवला. आणि माल थांबला का कायमचा? 2023-24 मध्ये देशातनं साधारण 3 लाख 44 हजार टन द्राक्षं बाहेर गेली, 3,460 कोटींच्या आसपास किंमत, आणि त्यातला मोठा वाटा आपल्या महाराष्ट्राचा. नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीचे विलास शिंदे यांचं नाव आज सगळे घेतात, त्यांच्यावर तुमच्या क्षेत्रातल्या सगळ्यांनीच लिहिलंय, पण 2010 च्या त्याच सीसीसीच्या फटक्यात त्यांचंही फार मोठं नुकसान झालं होतं आणि शेतकऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःची कंपनी करायची ही गोष्ट त्यानंतरच्या काळात उभी राहिली, हे मात्र बातमीत एका ओळीत उरकतात. माझं म्हणणं आहे ती एक ओळ हीच खरी बातमी आहे.

कोकणातल्या हापूसचंही तेच. 1 मे 2014 पासून युरोपनं आपला आंबा बंद केला, सोबत कारली, वांगी, पडवळ आणि अळू, कारण मालात फळमाशी आणि किडी सापडत होत्या. ऐन सीझनमध्ये बंदी. त्यानंतर प्रक्रिया करूनच आंबा पाठवायचा, तपासणी करूनच सर्टिफिकेट द्यायचं असं कडक झालं आणि 2015 च्या सुरुवातीला आंब्याची बंदी उठली. भाज्यांची लगेच उठली नाही. हे का घडलं हे सगळ्यांना कळलं होतं म्हणून सुधारता आलं.

मला यातनं जे दिसतं ते असं की नुकसान झालं म्हणून कुणी शिकत नाही. नुकसान कशामुळं झालं हे उघड झालं, लिहिलं गेलं, चारचौघांत बोललं गेलं तर शिकतात, आणि ते सुद्धा एकटा नाही तर पूर्ण भाग शिकतो. 2003 आणि 2010 ला परदेशी खरेदीदारानं तोंडावर रिपोर्ट फेकला म्हणून ते उघड झालं, लपवायला जागाच नव्हती. पण रोजच्या शेतीत जे हजार प्रयोग फसतात त्यांचं काय? ते सगळे बांधाच्या आतच गाडले जातात.

आमच्याकडे कुणाचं सॅम्पल फेल झालं तर तो शेजाऱ्याला सांगत नाही. कारण सांगितलं की दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला कळतं आणि तो दर पाडतो, गावात चर्चा होते, पोराचं लग्न ठरत असेल तर ते सुद्धा अडतं, सोसायटीत नवीन कर्ज मागायला गेलं की चेअरमन तिरकं बघतो. मग माणूस गप्प बसतो. सात-आठ बांध सोडून दुसरा तेच औषध त्याच वेळी मारतो आणि त्याचंही फेल होतं. एक नुकसान होऊन जे कळायला पाहिजे होतं त्याच्यासाठी दहा जणांनी पैसे मोजले. याला अपयशातून शिकणं कसं म्हणायचं? मोठ्या कंपनीचं ठीक आहे, तिचा एक प्रयोग फसला तर दुसऱ्यातनं भरून निघतं, पण दीड-दोन एकरवाल्याला एक वर्ष गेलं की पुढची तीन वर्षं ते वर्ष फेडण्यात जातात. त्याला स्वतः पडून शिकायची ऐपत नाही, त्याला दुसऱ्याचं बघूनच शिकावं लागणार, आणि दुसऱ्याचं त्याला दिसलं पाहिजे.

इथं पेपरवाल्यांची जबाबदारी येते, हे मी मनापासून सांगतोय, राग मानू नका. इमूपालन आठवतं का? साधारण 2010-12 ची गोष्ट. एका पक्ष्याचं तेल, मांस, अंडं, कातडं सगळं विकतं, कंपनी बायबॅक देते, घरबसल्या उत्पन्न, अशा यशोगाथा तेव्हा किती छापून आल्या. त्यातल्या शेतकऱ्याचा फोटो पक्ष्यांच्या मधोमध. मग 2012 मध्ये सगळा डोलारा कोसळला, परत घेणारे गायब, पक्षी घ्यायला कुणी नाही, खाद्याला पैसे नाहीत, लोकांनी पक्षी सोडून दिले, काही ठिकाणी उपाशी मेले. त्याआधी सफेद मुसळीचं असंच झालेलं, रोपं महाग विकली गेली आणि माल निघाला तेव्हा घेणारा नाही. त्यानंतर कडकनाथ कोंबडीचं झालं, आमच्याच सांगली जिल्ह्यात किती घरं त्यात बुडाली हे सगळ्या राज्यानं बघितलं. तिन्ही वेळा तोच प्रकार, पिल्लं नाहीतर रोपं तुम्हाला विकणाराच माल परत घेण्याची हमी देतो, आणि खरा बाजार कुठं आहे हे कुणीच दाखवत नाही. जर इमूच्या वेळी फसलेल्या पाच शेतकऱ्यांचा संपूर्ण हिशोब, शेड किती, पक्षी किती, खाद्य किती, करारात काय लिहिलं होतं, असा पानभर छापून आला असता आणि तो दरवर्षी कुणी ना कुणी आठवून दिला असता तर कडकनाथच्या वेळी निदान काही लोक करारावर सही करायच्या आधी थांबले असते असं मला खात्रीनं वाटतं. फसवणुकीच्या बातम्या आल्या, पोलीस केस झाली, मोर्चे निघाले ते सगळं आलं. पण ज्या शेतकऱ्याची यशोगाथा आधी छापली होती त्याच्या दारात परत कोण गेलं?

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जो अवकाळी पाऊस झाला त्यात नाशिक, सांगली दोन्हीकडे फुलोऱ्यातल्या बागा गेल्या. अशा माणसाला स्टेजवर उभं राहून अपयशातून शिका, खचू नका असं ऐकवणं मला अजिबात पटत नाही. त्यानं काही चुकीचं केलं नव्हतं. त्याला वेळेत विम्याचे पैसे आणि कर्जाची मुदतवाढ पाहिजे. प्लॅस्टिकचं आच्छादन हा उपाय आहे पण त्याचा एकरी खर्च लाखांत जातो, तो लहान शेतकऱ्याला एकट्याला झेपत नाही, त्याच्यावर लिहा, ते जास्त उपयोगी पडेल. जे हातात आहे त्यातनं शिकायचं आणि जे हातात नाही त्याच्यासाठी आधार मागायचा, हा फरक न करता जो सरसकट जिद्दीचा उपदेश होतो त्यानं उलट माणूस आणखी खचतो, आधीच घरात मान खाली घालून बसलेला असतो.

तर माझी मागणी अशी आहे. पुरवणीत महिन्यातनं एकदा तरी फसलेल्या प्रयोगाला पान द्या. नाव, गाव छापू नका, तालुका आणि पीक पुरे. पण आकडे संपूर्ण छापा, कारण सुद्धा छापा, आणि त्यावर कृषी विद्यापीठातल्या नाहीतर संशोधन केंद्रातल्या जाणकाराचं मत घ्या की हे टाळता आलं असतं का आणि कुठल्या टप्प्यावर. विद्यापीठांना पण विचारा की तुमच्या प्रक्षेत्रावर कुठली वाणं, कुठली औषधं आपल्या भागात चालली नाहीत, त्यांचे मेळावे आम्ही बघतो तिथं सगळं यशस्वीच मांडलेलं असतं, न चाललेल्या गोष्टींची यादी कधी भिंतीवर दिसत नाही. ती यादी आमच्यासाठी जास्त मोलाची आहे. आणि आजवर छापलेल्या यशोगाथांपैकी जुन्या काही काढा, पाच वर्षांपूर्वीच्या, आणि त्याच शेतकऱ्यांकडे वार्ताहर पाठवा. चालू असेल तर उत्तमच, ते पण लिहा, कशामुळं टिकलं ते. बंद पडलं असेल तर का पडलं ते लिहा. त्यात त्या माणसाची बदनामी होणार नाही, उलट त्यानं पहिल्यांदा धाडस केलं म्हणून बाकीच्यांना रस्ता कुठं बंद आहे ते कळलं, असं मानानं लिहा. तुमच्या वार्ताहरांना ते जमतं, मी वाचलंय.

आमच्या भागात यायचं असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाठवा, ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की कुणाला बोलायला सवड नसते, सकाळी सातला माणसं बागेत आणि रात्री फवारणीचं मिश्रण. त्याआधी आलात तर मी स्वतः पाच-सहा जणांची गाठ घालून देतो. एकानं बेदाण्यासाठी वेगळं वाण लावून तीन वर्षांत बाग काढली, एकाचं सॅम्पल फेल गेलं ते कशानं हे त्यानं नंतर शोधून काढलंय आणि वहीत तारखेवार लिहून ठेवलंय, एका बाईंनी नवरा गेल्यावर शेडनेट केलं होतं ते दोन हंगामात गुंडाळावं लागलं आणि आता त्याच जागेत त्या दुसरं काहीतरी नीट चालवतायत. नाव छापणार नाही एवढा शब्द तुमच्याकडनं मिळाला तर बोलायला सगळे तयार आहेत, मी विचारून ठेवलंय. वही सुद्धा दाखवतील.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. तासगाव, जि. सांगली